पतसंस्था, काजूचा कारखाना आणि बंदरावरचा हिशेब: फायनान्सच्या सॉफ्टवेअरसाठी यूएक्स रिसर्च नि डिझाइन कसं करायचं

कोकणात राहून पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी यूएक्सचं, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते सोपं जावं याचं, डिझाइनचं काम करणारी बरीच मुलंमुली आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला भेटतात, आणि त्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला कधीतरी हिशेबाचं सॉफ्टवेअर येतंच. पतसंस्थेचं कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकत्र सांभाळणारं), काजू कारखान्याचं ईआरपी (खरेदी, माल, हिशेब एकत्र ठेवणारं), मच्छीमार सोसायटीची खाती सांभाळणारा एखादा प्रोग्राम. शॉपिंगचं किंवा हॉटेल बुकिंगचं अ‍ॅप केलेल्या माणसाला इथे नेमकं काय बघायचं तेच कळत नाही, कारण स्क्रीनवर दोनशे रकाने असतात, वापरणारा माणूस दिवसभर खुर्चीतून उठत नाही आणि विचारलं की म्हणतो, चाललंय की सगळं बरोबर.

माझं म्हणणं एकच आहे, पुढचं सगळं त्यातूनच येतं. एंट्री कशी होते ते बघून थांबू नका, चूक झाली की ती कशी सापडते आणि कशी निस्तरली जाते ते बघा. एंट्री काय, कुठलंही बऱ्यापैकी सॉफ्टवेअर करून देतं. पण संध्याकाळी सहाला कॅश मोजली, स्क्रोलशी, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या यादीशी, ताडून बघितली आणि ९० रुपयांचा फरक आला, शेवटची एसटी साडेसहाची आहे, आणि फरक सापडल्याशिवाय डे एंड (दिवसाचा हिशेब बंद करणं) होत नाही, त्या वेळी समोरचा स्क्रीन काउंटरवरच्या क्लार्क बाईला किती मदत करतो यावर ते सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरतं.

आधी माणसं ओळखा

अशा सॉफ्टवेअरचा निर्णय घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. पतसंस्थेत संचालक मंडळ ठरावाने खरेदी करतं, सचिव किंवा मॅनेजर डेमो बघतो, डेमोमध्ये डॅशबोर्डवर रंगीत गोल आलेख असले की सगळे खूश. पण रोज आठ तास त्यावर बसतो क्लार्क. व्हाउचर पास करतो अधिकारी. रोज बाजारपेठेत फिरून दैनंदिन ठेव गोळा करतो पिग्मी एजंट, त्याच्या हातात छोटं मशीन किंवा मोबाइल. वर्षातून एकदा येतो ऑडिटर, त्याला एंट्री करायची नसते, त्याला मागचा माग काढायचा असतो. आणि या सगळ्यांच्या पलीकडे सभासद, ज्याने सॉफ्टवेअर कधी बघितलेलंच नाही पण पासबुकावर जे छापून येतं तेवढंच त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर.

कारखान्याकडे गेलात तर माणसं बदलतात. काजूवाल्याकडे मार्च ते मे काजू बी खरेदी होते, पैसे तेव्हाच गुंततात आणि गर मात्र वर्षभर विकला जातो, म्हणून त्याचं कॅश क्रेडिट खातं (मालाच्या तारणावर बँकेकडून उचल घ्यायचं) असतं आणि बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. म्हणजे गोडाऊनवाल्याने लिहिलेली पोती, अकाउंटंटने टाकलेली किंमत आणि मालकाने सही केलेलं स्टेटमेंट, तिघांचा आकडा एक यायला हवा. तुमचा युजर एकटा माणूस नसतो, या तिघांमधली देवाणघेवाण हाच तुमचा युजर. तेव्हा पहिल्या दिवशी एक मोठा कागद घ्या आणि एकच व्यवहार निवडा, उदाहरणार्थ एका बागायतदाराने कॅनिंगला दिलेला आंबा, आणि काटा पावतीपासून त्याच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत तो कागद कुणाकुणाच्या हातातून जातो, कोण लिहितो, कोण तपासतो, कोण नुसतीच सही करतो, ते बाणांनी काढा. ज्या जागी तीच गोष्ट दुसऱ्यांदा लिहिली जाते तिथे लाल खूण करा. बहुतेक चुका त्या लाल खुणांच्या आसपास सापडतील.

कधी जायचं

हे फार महत्त्वाचं आहे आणि बाहेरच्या टीमना हे अजिबात कळत नाही. ३१ मार्चच्या आठवड्यात कुठल्याही पतसंस्थेत इंटरव्ह्यू मागू नका, वसुली आणि क्लोजिंगमध्ये मान वर करायला वेळ नसतो, त्यात शिमगा बहुतेक त्याच महिन्यात, म्हणजे अर्धा स्टाफ पालखीला गावी. गणपतीत तर विचारूच नका. जीएसटी भरणाऱ्या कारखान्यात महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) अकराला आणि ३बी (कर भरण्याचं) वीसला असतं. आंब्याचा आणि काजूचा धंदा मार्च ते मे घाईत असतो. मासेमारी जून-जुलैत बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तेव्हा मच्छीमार सोसायटीतली माणसं निवांत बसून बोलतात.

आता यातली गोम अशी, की निवांत वेळी माणसं बोलतात चांगली पण काम बघायला मिळत नाही. म्हणून दोनदा जा. इंटरव्ह्यू मोकळ्या दिवसांत घ्या, आणि घाईच्या दिवसांत एक शब्द न बोलता फक्त कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. ३१ मार्चला संध्याकाळी कोपऱ्यात बसून जे दिसतं ते जूनमधल्या दहा इंटरव्ह्यूंत ऐकायला मिळत नाही. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जायचं तर लिलावाच्या वेळेला जा, ओल्या हाताने मोबाइलवर रक्कम टाकताना काय होतं ते ऑफिसात बसून कळणार नाही.

दिवसातली वेळसुद्धा बघा. आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी काउंटरवर गर्दी, ती एकदा बघा. पण सगळ्यात जास्त मोलाचा तास दिवसाअखेरचा. तो चुकवू नका, मुक्काम करावा लागला तरी चालेल.

परवानगी आणि गुपितं

लहान गावात पैशाची माहिती कशी फिरते हे आपल्याला सांगायला नको. अमक्याचं सोनं तारण आहे, तमक्याचा हप्ता थकलाय, हे तुमच्या फोनमधल्या एका फोटोतून बाहेर गेलं तर त्या घराची अब्रू जाते, त्या संस्थेवरचा विश्वास जातो, आणि पुढे कुठल्याच रिसर्चवाल्याला कुणी दारात उभं करणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं. मॅनेजर साहेबांकडून लेखी परवानगी घ्या. काउंटरवर सभासद असताना स्क्रीनचं रेकॉर्डिंग बंद. फोटो फक्त रिकाम्या फॉर्मचे, नाहीतर नाव, खाते नंबर झाकून. वहीतसुद्धा "सभासद अ", "सभासद ब" असंच लिहा.

टेस्टिंगसाठी खोटा डेटा लागतो, तो नीट बनवा. आणि इथे एक खास कोकणी गोष्ट लक्षात ठेवा: एकाच गावात एकाच आडनावाची वाडी असते, त्यात तेच नाव असलेले तीन-तीन सभासद, कधीकधी वडिलांचं नावही सारखं. तुमच्या डेमो डेटात सगळी नावं वेगवेगळी असतील तर सर्चचा स्क्रीन मस्त चालेल आणि खऱ्या शाखेत पहिल्याच दिवशी पैसे चुकीच्या खात्यावर जमा होतील. म्हणून खोट्या डेटात मुद्दाम सारखी नावं घाला, आणि सर्चच्या यादीत नावाशेजारी वाडी, सभासद क्रमांक, फोटो आणि शेवटच्या व्यवहाराची तारीख दिसते का ते बघा. क्लार्क नावाने शोधतो पण ओळखतो चेहऱ्याने आणि वाडीने.

शेजारी बसून बघायचं म्हणजे काय

ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी मांडलेली कॉन्टेक्श्चुअल इन्क्वायरी नावाची पद्धत आहे, तिचा गाभा असा की काम करणारा माणूस उस्ताद आणि तुम्ही शिकाऊ. तुम्ही शिकायला आलाय, तपासायला नाही, हे वागण्यातून दिसलं पाहिजे, कारण पतसंस्थेत अनोळखी माणूस वही घेऊन बसला की लोकांना इन्स्पेक्शनच वाटतं. मी आधी सांगून टाकतो की तुमचं काम बरोबर की चूक हे मी लिहिणार नाहीये, सॉफ्टवेअर कुठे अडवतंय ते लिहिणार आहे, आणि माझी वही कधीही मागून बघा. वही उघडी ठेवली की माणसं मोकळी होतात.

स्क्रीनकडे कमी आणि टेबलाकडे जास्त बघा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, त्यावर कुठले कोड लिहिलेत. काचेखाली ठेवलेला व्याजदरांचा तक्ता. ड्रॉवरमधली वेगळी वही, जी अधिकृत कुठेच नाही पण सगळा कारभार तिच्यावर चालतो. कॅल्क्युलेटर! सॉफ्टवेअरने व्याज काढून दिलंय तरी क्लार्क कॅल्क्युलेटरवर परत काढतेय, हे दिसलं की तिथेच थांबा. तिला विचारा, "ताई, हे परत का काढलंत?" कधी उत्तर येईल की मागे एकदा दर बदलला होता आणि सिस्टिममध्ये जुनाच राहिला होता. कधी येईल की सभासद विचारतात कसे आले एवढे, आणि स्क्रीनवर नुसता शेवटचा आकडा असतो, हिशेब दिसत नाही. दोन्ही उत्तरांतून डिझाइनचं काम निघतं: व्याजाच्या आकड्यावर टिचकी मारली की मुद्दल, दर, दिवस आणि गुणाकार उलगडून दिसायला हवा, आणि तो पावतीवर छापताही यायला हवा.

प्रश्न विचारताना "तुम्हाला काय हवंय" असं विचारू नका, त्यावर "फास्ट पाहिजे" एवढंच मिळतं. मी असं विचारतो: शेवटचा फरक कधी आला होता, किती रुपयांचा होता, कसा सापडला, कोणाला फोन केला, किती वाजता घरी गेलात. घडलेली गोष्ट विचारली की माणूस खरं सांगतो, मत विचारलं की पाहुण्याला बरं वाटेल ते सांगतो. आपल्याकडे चहा-सरबत देऊन वर "छान आहे हो तुमचं सॉफ्टवेअर" म्हणायची पद्धत आहे, ते प्रेमाने म्हणतात, पण ते रिपोर्टात लिहायचं नसतं.

फरक शोधायची जुनी विद्या

जुन्या अकाउंटंट काकांकडे एक विद्या आहे आणि ती रिसर्चमध्ये हाती लागली तर सोनं समजा. तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली नाही की ते आधी फरकाचा आकडा बघतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का? जात असेल तर दोन आकडे उलटसुलट पडल्याचा संशय, ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. किंवा ३,२१० च्या जागी ३,१२०, पुन्हा ९०. शून्य जास्त-कमी पडलं तरी फरकाला ९ ने भाग जातोच, ५०० च्या जागी ५,००० झाले तर फरक ४,५००. भाग जात नसेल तर फरक निम्मा करतात आणि त्या निम्म्या रकमेची एंट्री शोधतात, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो. आणि फरकाएवढीच एंट्री सापडली तर ती एका बाजूला लिहायची राहिली असणार.

आता ही तीन पावलं कॉम्प्युटरला क्षणात करता येतात. तरीही कितीतरी पॅकेजेस फरक आला की लाल अक्षरात "डे एंड होऊ शकत नाही" एवढंच म्हणून गप्प बसतात. तुम्ही असा स्क्रीन करा: वर फरकाची रक्कम, खाली "या एंट्र्या एकदा बघा" अशी छोटी यादी, ज्यात तेवढ्याच रकमेच्या, निम्म्या रकमेच्या, आणि आकडे उलटले तर फरक बरोबर बसेल अशा एंट्र्या. दोनदा पडलेल्या सारख्या पावत्या. आज केलेल्या पण मागच्या तारखेला गेलेल्या एंट्र्या. प्रत्येक ओळीपुढे तो व्हाउचर नंबर, म्हणजे कागद काढून ताडता येईल. सॉफ्टवेअरने स्वतःहून काही दुरुस्त करायचं नाही, फक्त बोट दाखवायचं, निर्णय माणसाचा. माझ्या मते या एका स्क्रीनचं मोल दहा डॅशबोर्डांपेक्षा जास्त आहे, आणि तो सुचतो फक्त दिवसाअखेर शेजारी बसलेल्याला.

पॉपअपने भागत नाही

मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर चांगलंच असतं असं वाटत असेल तर सिटीबँकेची २०२० ची गोष्ट माहीत हवी. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. बँक ओरॅकलचं फ्लेक्सक्यूब नावाचं बँकिंग सॉफ्टवेअर वापरत होती. मुद्दल बाहेर जाऊ नये, बँकेच्याच आतल्या खात्यात पडावं, यासाठी स्क्रीनवरच्या तीन रकान्यांत खूण करून त्या खात्याचा नंबर टाकायला हवा होता, प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड. टीमला वाटलं प्रिन्सिपलवर केली की झालं. करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा, तीन माणसांनी बघितलं, तिघांचाही समज तोच. सिस्टिमने एक इशाराही दिला होता, पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का. किती पैसे, ते त्यात नव्हतं. व्याज तर बाहेर जाणारच होतं, त्यामुळे इशारा बरोबरच वाटला. आणि सुमारे ९० कोटी डॉलर निघून गेले. त्यातले ५० कोटींच्या आसपास परत मिळेनात, फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने सावकारांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

या गोष्टीवरून "काळजीपूर्वक काम करा" असं ट्रेनिंग देणारे खूप भेटतात. मला त्यात डिझाइनचे तीन सरळ धडे दिसतात आणि ते तीनही राजापूरच्या पतसंस्थेला तितकेच लागू आहेत. पहिला, इशाऱ्यात रक्कम आणि मुक्काम दोन्ही लिहा: "या खात्यातून ४,८५,००० रुपये अमुक बँकेतल्या अमुक खात्यात जातील, नंतर शिल्लक १२,३०० राहील." नुसतं "नक्की का?" विचारलं की तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप एंटरवर जातं. दुसरा, पास करणाऱ्याला तोच फॉर्म परत दाखवू नका. त्याला परिणाम दाखवा, आणि नेहमीपेक्षा वेगळं काय आहे ते वर आणा, म्हणजे एरवी या खात्यात दोन-पाच हजारांचे व्यवहार असतात आणि आज दोन लाख आलेत. तिसरा, एकाच इच्छेसाठी तीन ठिकाणी खुणा करायला लावू नका. माणसाच्या मनात जर "मुद्दल आतच ठेवायचंय" हा एक निर्णय असेल तर स्क्रीनवरही तो एकच असावा.

स्क्रीन बनवताना

इथे थोडं भरभर सांगतो. आपल्याकडच्या अकाउंटंटची बोटं टॅलीवर तयार झालेली असतात. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस, हे त्यांना विचार करावा लागत नाही. तुमच्या ब्राउझरवाल्या सॉफ्टवेअरमध्ये एफ ५ दाबल्यावर पान रिफ्रेश होऊन अर्धी भरलेली एंट्री उडाली, तर तो माणूस तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. कीबोर्डने पूर्ण एंट्री होते का ते माउस काढून ठेवून तपासा.

मोकळी जागा जास्त सोडून सुंदर स्क्रीन करायचा मोह होतो, तो आवरा. दिवसभर बसणाऱ्याला एका नजरेत वीस-पंचवीस ओळी हव्या असतात. पण दाट म्हणजे बारीक अक्षर नव्हे. मालवणात एका वयस्कर क्लार्कने मला सरळ सांगितलं, "ह्यां अक्षर माका दिसणा नाय", आणि ते फिकट करड्या रंगातलं अक्षर होतं, जे डिझाइनच्या फाइलमध्ये फार छान दिसत होतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट ठेवायचा असं वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे नियम सांगतात, तेवढा तरी ठेवाच.

रकमा उजवीकडे जुळलेल्या, सगळे अंक सारख्या रुंदीचे, स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने, १२,३४,५६७. परदेशी लायब्ररी वापरली की १,२३४,५६७ येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही तोवर पासबुक छापून गेलेलं असतं. मोठ्या रकमेखाली अक्षरी रक्कम दाखवा, शून्य जास्त पडलं की डोळ्याला तीच आधी दिसते. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एका स्क्रीनवर कधीही मिसळू नका, आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि पैशाच्या बाबतीत तेवढंच पुरतं. जमा हिरवं, नावे लाल असं करायचं तर करा पण रंगावरच सगळा भार टाकू नका, शेजारी शब्दही हवा.

माल-यादीत कारखान्याचेच शब्द ठेवा. काजूगराच्या ग्रेड डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशाच बोलल्या जातात, तिथे कुणी "संपूर्ण गर, मध्यम" असं काही घातलं तर गोडाऊनवाला परत चिठ्ठी चिकटवणार.

खोडायची सोय देऊ नका, उलट एंट्रीची द्या. "डिलीट" बटण असलं की ऑडिटर घाबरतो आणि नसलं की क्लार्क घाबरते, म्हणून मधला रस्ता नीट बांधावा लागतो: "ही एंट्री उलटवा" म्हटलं की जुनी तशीच राहते, तिच्या विरुद्ध एंट्री पडते, कारण लिहिलं जातं आणि दोन्ही एकमेकींशी जोडलेल्या दिसतात. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे, जे बंद करता येणार नाही असं. पण हा माग फक्त ऑडिटरसाठी कुठल्या तरी मेन्यूत पुरून ठेवू नका. क्लार्कलाही तो दिसू द्या, कारण तिच्यावर आळ येतो तेव्हा तोच तिची साक्ष असतो. चूक दुरुस्त करणं सोपं आणि उघड असलं की माणसं चुका लपवत नाहीत, आणि लपवलेली चूकच महाग पडते.

नेटवर्क, पाऊस आणि लाइट

कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, नेट जातं, हे गृहीत धरूनच डिझाइन सुरू करायचं. खरा घोळ होतो तो अर्धवट जाण्यात: पावती सेव्ह केली, गोल फिरत राहिला, नेट गेलं. झाली की नाही? क्लार्क परत दाबते आणि दोनदा जमा. म्हणून प्रत्येक पावतीला दाबण्याआधीच नंबर मिळालेला असावा, आणि तोच नंबर परत आला तर सिस्टिमने "ही आधीच जमा आहे" म्हणावं. हे डेव्हलपरचं काम आहे पण मागणी तुम्ही लिहायची. पिग्मी एजंटच्या मोबाइलवर तीन अवस्था ठळक दिसू द्या: फोनमध्ये आहे, शाखेत पोचली, शाखेने स्वीकारली. डोंगरातल्या वाडीत रेंज नसते, संध्याकाळी तो खाली येतो तेव्हा सगळं एकदम जातं, त्या वेळी एखादी राहिली तर कुठली राहिली ते त्याला कळलं पाहिजे, कारण ते पैसे त्याच्या खिशातून भरावे लागतात.

आणि एक प्रश्न प्रत्येक शाखेत विचाराच: पाणी आलं तर? २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर बाजारपेठेतल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सर्व्हर कुठे ठेवलाय, बॅकअप कोण घेतं, दुसऱ्या शाखेतून काम सुरू करायचं तर पहिला स्क्रीन कुठला लागेल. एवढं विचारलं तरी कितीतरी कळतं.

टेस्टिंग

युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलेलं, पाच माणसांवर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी सापडतात, हे सगळ्यांना पाठ असतं. इथे ते प्रत्येक भूमिकेसाठी पाच असं धरा, क्लार्क पाच, पास करणारे पाच, एजंट पाच. आणि क्वचित होणाऱ्या पण महाग पडणाऱ्या चुकांसाठी पाचही पुरत नाहीत, तिथे जुन्या तक्रारींची वही आणि ऑडिटचे शेरे वाचावे लागतात, ते कंटाळवाणं आहे पण वाचाच.

टास्क देताना "एक खातं उघडा" असले गुळगुळीत टास्क देऊ नका. खरे दिसणारे व्हाउचर छापा, त्यात मुद्दाम गडबडी ठेवा: एकावर अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, एकावर तारीख कालची, एक पावती दोनदा, एका नावाचे दोन सभासद. शेवटी कॅशचा आकडा द्या जो जुळणार नाही, आणि म्हणा, डे एंड करून दाखवा. मग घड्याळ लावा. एंट्रीला लागलेला वेळ लिहा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फरक शोधायला किती वेळ लागला, कुठकुठे गेले, आणि कधी स्क्रीन सोडून कागद-कॅल्क्युलेटरकडे वळले. शेवटी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) भरून घ्या, जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली ती दहा वाक्यांची प्रश्नावली, मराठीत करून तोंडी विचारा. शंभरपैकी ६८ ही साधारण सरासरी मानतात. पण भिडेपोटी वाढलेले गुण धरून चाला, आणि घड्याळ आणि एसयूएस यांचं पटलं नाही तर घड्याळावर विश्वास ठेवा.

नवीन सॉफ्टवेअर लागताना जुनं नि नवं निदान एक महिनाअखेर तरी सोबत चालवा. दुप्पट काम पडतं, स्टाफ कुरकुरतो, तेव्हा मॅनेजरशी आधीच बोलून त्या दिवसांत एक माणूस जादा मागून घ्या.

संचालकांपुढे मांडताना

वीस पानी रिपोर्ट कुणी वाचत नाही. संचालक मंडळापुढे एकच व्यवहार घ्या, तो बाणांचा कागद भिंतीवर लावा आणि एका चुकीची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा, कुठे पडली, कोणी बघितली नाही, कशी सापडली, किती माणसांचे किती तास गेले. त्यांच्यातले बरेचसे स्वतः दुकानदार, बागायतदार, होडीवाले असतात, हिशेब न जुळण्याची कळ त्यांना चांगली माहीत असते. क्लार्कचं नाव घेऊ नका, शाखेचंही नको. डेव्हलपरना मात्र शाखेत घेऊन जा, निदान एक दिवसाअखेर तरी त्यांना कोपऱ्यात बसवा, दहा मीटिंगांत न पटलेली गोष्ट तिथे अर्ध्या तासात पटते.

सॉफ्टवेअर लाइव्ह गेल्यावर सपोर्टच्या फोनशेजारी एक वही ठेवायला सांगा. प्रत्येक फोनचं एक वाक्य, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि पुढे खूण की फोन एंट्रीसाठी होता की दुरुस्तीसाठी. महिन्याने ती वही घेऊन बसा, दुरुस्तीच्या खुणा मोजा, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन ज्या स्क्रीनवरून येतोय, पुढच्या आवृत्तीचं काम त्या स्क्रीनपासून सुरू करा.